अडखळणाऱ्या माणसाचा माग : डब्लिन ते वेस्टवर्ड हो

पहिला दिवस : डब्लिन (३० सप्टेंबर)

डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या दर्शनी खांबांवर बंदुकीच्या गोळ्यांनी पडलेले खळगे आजही बोटांना लागतात. त्यांपैकी एकावर हात ठेवून मी बराच वेळ उभा होतो. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात देह ठेवलेल्या एका कादंबरीकाराचा माग काढायला मी आयर्लंडपासून का निघालो, याचे उत्तर याच इमारतीत आहे.

नेव्हिल शूट नॉर्वे यांचा जन्म १७ जानेवारी १८९९ रोजी लंडनच्या ईलिंग भागात झाला. वाचकांना ते नेव्हिल शूट म्हणून माहीत आहेत. ‘नॉर्वे’ हे आडनाव त्यांनी अभियांत्रिकीसाठी राखून ठेवले होते, कारण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाकडे विमानाची गणिते कोण सोपवील, अशी त्यांना धास्ती होती. त्यांचे वडील आयर्लंडच्या टपाल खात्याचे प्रमुख होते आणि त्यांचे कार्यालय याच इमारतीत होते. २४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, वडील कामासाठी डब्लिन कॅसलकडे गेले आणि त्यानंतर थोड्याच वेळात ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या आयरिश बंडखोरांनी इमारत ताब्यात घेतली. सतरा वर्षांचा नेव्हिल तेव्हा शाळेच्या सुट्टीत घरी आला होता. थोरला भाऊ आदल्याच वर्षी युद्धात जखमी होऊन मरण पावला होता. अशा घरातला हा मुलगा त्या आठवड्यात रुग्णवाहिकेच्या पथकात दाखल झाला आणि गोळीबार चालू असलेल्या रस्त्यांवरून स्ट्रेचर वाहू लागला. लष्करी सेवेशी त्याची पहिली ओळख ही अशी झाली, हातात बंदूक नव्हे तर स्ट्रेचरचा दांडा घेऊन.

पोस्ट ऑफिससमोरचा रस्ता ओलांडून मी लोअर ॲबी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेलो. तिथे त्या काळी बिनतारी तारायंत्राचे प्रशिक्षण देणारी एक शाळा होती. महायुद्ध सुरू होताच सरकारने तिची यंत्रणा बंद करून ठेवली होती. बंडखोरांनी ती इमारत काबीज केली, यंत्र खटपट करून चालू केले आणि आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा झाल्याची बातमी मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीत, आकाशात सोडली. ती कोणा एका केंद्राला उद्देशून नव्हती. ज्याच्या कानावर पडेल त्याच्यासाठी होती. त्यांचे प्रसारणाचे यंत्र चालत होते, पण ग्रहणाचे यंत्र चालू होऊ शकले नाही. आपले कोणी ऐकते आहे की नाही हे कळण्याचा काहीच मार्ग नसताना ती माणसे, समोर तोफा लागेपर्यंत, तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहिली.

मी स्वतः हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, आहे. लहानपणापासून मी अडखळत बोलतो. फोनवर स्वतःचे नाव सांगतानाही माझा पहिला वर्ण घशात अडकतो. चौदाव्या वर्षी शेजारच्या एका निवृत्त बिनतारी ऑपरेटर काकांनी माझ्या हाती मोर्स ठोकण्याची पितळी कळ, म्हणजे ‘की’, दिली आणि त्या दिवशी मला आयुष्यात प्रथमच न अडखळता वाक्य पुरे करता आले. पुढे कधीतरी शूट यांचे ‘स्लाइड रूल’ हे आत्मकथन वाचले आणि तेही आयुष्यभर तोतरे बोलत असत हे समजले. या प्रवासाचे बीज तेव्हाच पडले. विमाने, सैन्य आणि बिनतारी या तिन्हींनी या माणसाला घडवले असे मी मानत आलो आहे, आणि त्या तिन्हींच्या मुळाशी त्यांची अडखळणारी जीभ आहे, अशी माझी समजूत आहे. ती खरी की खोटी, हे मला त्या त्या जागी उभे राहून पडताळायचे होते.

दुसरा दिवस : समुद्र आणि रेल्वे

सकाळच्या बोटीने होलीहेड आणि तिथून गाड्या बदलत यॉर्क, एवढाच दिवसाचा हिशेब आहे. सव्वातीन तासांच्या समुद्रप्रवासात मी डेकवर बसून ‘स्लाइड रूल’ची सुरुवातीची प्रकरणे पुन्हा वाचली. वूलिचच्या लष्करी अकादमीत शूट यांनी तोफखान्याचे शिक्षण घेतले होते आणि त्यांची ओढ रॉयल फ्लाइंग कोअर या तेव्हाच्या ब्रिटिश हवाई दलाकडे होती. वैद्यकीय मंडळासमोर जिभेने दगा दिला आणि अधिकारपद हुकले. १९१८ साली ते सफोक रेजिमेंटमध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि टेम्सच्या मुखावरील आइल ऑफ ग्रेन या दलदलीच्या बेटावर पहारा देत असतानाच युद्ध संपले. जो हुकूम मोठ्याने आणि क्षणात देता येत नाही तो रणांगणावर निरुपयोगी, असा मंडळाचा विचार असणार, आणि तो चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. मात्र ज्या वयात भाऊ गेला त्याच वयात आपल्याला मागे ठेवले गेले, ही सल त्यांच्या युद्धावरील कादंबऱ्यांत सतत जाणवते. त्यांचे नायक शूर असले तरी शौर्याविषयी बोलत नाहीत, आणि नेमून दिलेले काम मात्र शेवटपर्यंत नीट करतात.

तिसरा दिवस : यॉर्क

यॉर्कमध्ये पाहण्यासारखे फार उरलेले नाही. १९३१ साली शूट आणि हेसेल टिल्टमन यांनी एअरस्पीड ही विमान कंपनी पिकॅडिली रस्त्यावरच्या एका बस गॅरेजमध्ये सुरू केली. मंदीचा काळ होता, वायूने तरंगणाऱ्या अजस्र एअरशिपचे युग नुकतेच जळून खाक झाले होते आणि हाती भांडवल तुटपुंजे होते. ती इमारत आता नाही. मी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो. विमानाचे पंख तयार होण्याआधी ते दरवाजातून बाहेर निघतील की नाही याचे माप घ्यावे लागत असेल, असे त्या अरुंद रस्त्यावर चालताना मनात आले. एअरस्पीडची पुढची हकिगत पोर्ट्समथची आहे, म्हणून इथे थांबतो.

चौथा दिवस : हाउडन

यॉर्कहून सेल्बीला गाडी बदलून हाउडनला उतरलो. स्टेशन गावाबाहेर आहे. अर्धे पडलेले जुने मिन्स्टर, म्हणजे मोठे चर्च, डावीकडे ठेवून गावातून बाहेर पडले की सपाट, पाणथळ शेते लागतात आणि क्षितिजापर्यंत नजरेला अडवणारे काहीच राहत नाही. इथे १९२४ पासून आर-१०० या एअरशिपच्या उभारणीची तयारी चालली होती. व्हिकर्सच्या या प्रकल्पाचे मुख्य अभिकल्पक बार्न्स वॉलिस आणि मुख्य गणनाकार नेव्हिल शूट नॉर्वे. जिथे ती प्रचंड शेड होती तिथे आज गोल्फचे मैदान आहे.

गणनाकार म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. तेव्हा संगणक नव्हते. हिशेब करणारी माणसे होती. एअरशिपच्या सांगाड्यातील एका आडव्या चौकटीत किती ताण आणि किती दाब पडतो, हे काढण्यासाठी त्यांच्याकडे फुलरची दंडगोल स्लाइड रूल, म्हणजे खुणा सरकवून आकडेमोड करण्याचे साधन, होते. एक उत्तर धरायचे, ते समीकरणांत घालायचे, कुठल्या तरी तारेवर ताणाऐवजी दाब आला की सगळे खोडून पुन्हा आरंभ करायचा. तार दाब घेऊ शकत नाही, ती नुसती सैल पडते, म्हणून ती तार वगळून पुढचे गणित मांडायचे. एका चौकटीच्या एका स्थितीला दोन-तीन महिने लागत. अखेरीस सगळे आकडे एकमेकांशी जुळत तेव्हा जे समाधान लाभे, त्याचे वर्णन शूट यांनी जवळजवळ धार्मिक अनुभवासारखे केले आहे. माझ्या मते त्यांच्या संपूर्ण लेखनातला हा सर्वांत मोलाचा परिच्छेद आहे.

एवढ्या काटेकोरपणाला कारण होते. २४ ऑगस्ट १९२१ रोजी आर-३८ ही एअरशिप इथून जवळच, हल शहरावर, हवेत मोडली आणि ४९ पैकी ४४ माणसे मेली. उड्डाणात वळताना सांगाड्यावर येणाऱ्या हवेच्या जोराचा हिशेब तिच्या रचनाकारांनी केलाच नव्हता, हे जुने अहवाल वाचताना शूट यांना कळले आणि त्यांना मोठा धक्का बसला. बिनतारीची जुनी माणसे नवशिक्याला एक गोष्ट बजावून सांगतात: जे अक्षर ऐकू आले नाही ते अंदाजाने लिहू नकोस, जागा रिकामी सोड. हाउडनच्या त्या मोकळ्या मैदानाकडे पाहताना मला काकांचे तेच शब्द आठवले. अंदाजाने भरलेल्या जागेची किंमत हलमध्ये ४४ जिवांनी मोजली होती.

हीच वृत्ती पुढे कादंबरीत उतरली. १९४८ च्या ‘नो हायवे’चा नायक एक विक्षिप्त संशोधक आहे, नव्या प्रवासी विमानाची शेपटी धातूच्या थकव्यामुळे ठरावीक तासांनंतर तुटेल असे त्याचे गणित सांगते, पण कोणी त्याचे ऐकत नाही. १९५४ मध्ये कॉमेट विमाने हवेत फुटली आणि चौकशीत धातूचा थकवाच कारण ठरला. शूट यांना भविष्य दिसत होते असे यावरून काही जण म्हणतात. हाउडन पाहिल्यावर मला ते पटत नाही. त्यांना भविष्य दिसत नव्हते, त्यांना न केलेला हिशेब दिसत होता.

आर-१०० ची लांबी सुमारे २१९ मीटर होती. १६ डिसेंबर १९२९ रोजी तिने याच मैदानातून पहिले उड्डाण केले आणि ती कार्डिंग्टनला गेली. संध्याकाळी मीही त्याच दिशेच्या गाडीत बसलो.

पाचवा दिवस : कार्डिंग्टन (४ ऑक्टोबर)

हा दिवस मी जाणूनबुजून इथे यावा असा आखला होता. बेडफर्डच्या दक्षिणेला गाडी वळली की शेतांच्या वर दोन हिरवट शेड दिसू लागतात. त्या इतक्या मोठ्या आहेत की जवळ जाऊनही जवळ आल्यासारखे वाटत नाही. पहिली शेड सुमारे २४७ मीटर लांब आहे, दुसरी १९२८ साली पुलहॅमहून उचलून इथे आणली. आता आत चित्रपटांचे चित्रीकरण होते, म्हणून मी कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरूनच त्या पाहिल्या.

ब्रिटिश सरकारने त्या काळी एकाच वेळी दोन एअरशिप बांधायला घेतल्या होत्या. खासगी कंपनीची आर-१०० हाउडनला, तर हवाई खात्याची स्वतःची आर-१०१ इथे. आर-१०० ने २९ जुलै १९३० रोजी कार्डिंग्टन सोडले आणि ७८ तासांत माँट्रिअल गाठले. त्या सफरीत शूट स्वतः होते. येताना तिला ५८ तासही लागले नाहीत. ती सुखरूप परतल्यावर आर-१०१ वर हिंदुस्थानला जाण्याचा दबाव वाढला. कराचीत तिच्यासाठी शेड आणि तिला बांधून ठेवायचा मनोरा उभारलेला होता आणि हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन यांना तीतूनच जाऊन वेळेत परतायचे होते. पुरेशा चाचण्या न होताच ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, वाऱ्यापावसात, ती इथल्या मनोऱ्यावरून सुटली.

मध्यरात्रीच्या सुमारास आर-१०१ वरून कार्डिंग्टनला बिनतारी संदेश आला. त्यात वेग, उंची, हवामान यांचे आकडे होते आणि पाहुणे उत्तम भोजनानंतर शेवटची सिगार ओढून झोपायला गेले आहेत, असा मजकूर होता. दोन वाजून गेल्यावर ती फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळच्या टेकडीला टेकली आणि हायड्रोजनने पेट घेतला. ५४ पैकी ४८ माणसे गेली, मंत्रीही त्यांत होते. संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेचे काम पाहणारे आर्थर डिस्ले वाचले.

सेंट मेरी चर्चमध्ये आर-१०१ चा होरपळलेला ध्वज लावलेला आहे. समोर रस्त्यापलीकडच्या दफनभूमीत ४८ जणांची एकच समाधी आहे. संध्याकाळी तिच्याजवळ बसून मी शेडकडे पाहत होतो. तो शेवटचा संदेश कोणी तरी कागदावर उतरवून घेतला असेल, वेळ लिहिली असेल आणि पुढच्या संदेशाची वाट पाहिली असेल. वाट पाहणे हे बिनतारी माणसाचे अर्धे आयुष्य असते. ठरलेल्या वेळी हाक आली नाही की आधी स्वतःच्या यंत्राकडे, मग एरियलकडे, मग हवामानाकडे बोट दाखवायचे, आणि या सगळ्यात दोष नाही हे कळल्यावर जो सन्नाटा उरतो तो ज्याने ऐकला आहे त्यालाच माहीत.

शूट यांनी या अपघाताविषयी फार कठोरपणे लिहिले आहे. कार्डिंग्टनच्या अभियंत्यांवर त्यांनी अन्याय केला असे मानणारे आहेत आणि त्यांत तथ्यही असावे, कारण ते प्रतिस्पर्धी गटाचे होते आणि सगळी बाजू त्यांच्यासमोर नव्हती. तरी त्यांच्या रागाचे मूळ स्पर्धेत नाही असे मला वाटते. ज्याला बोलता येत नाही असे ठरवून बाजूला ठेवले गेले होते, त्या माणसाने पाहिले की उत्तम बोलणारी माणसे आकड्यांना गप्प बसवू शकतात. आर-१०० कॅनडाला जाऊन सुखरूप परतली होती, तरी तिलाही पुढच्या वर्षी मोडून भंगारात काढण्यात आले. सहा वर्षांचे काम रोलरखाली चिरडले गेले.

सहावा दिवस : ब्लेचली

बेडफर्डहून ब्लेचलीला एक छोटी, थांबत थांबत जाणारी गाडी जाते. ब्लेचली पार्कला लोक एनिग्मा हे युद्धकाळातले जर्मन सांकेतिक यंत्र पाहायला येतात. मी मुख्यतः प्रवेशद्वाराजवळच्या राष्ट्रीय रेडिओ केंद्रासाठी गेलो होतो. ते ब्रिटनच्या हौशी रेडिओवाल्यांची संस्था चालवते. १९१३ साली लंडन वायरलेस क्लब म्हणून सुरू झालेली ही संस्था जगातील जुन्या हॅम संस्थांपैकी आहे.

शूट यांच्या युद्धकाळाशी समांतर चाललेली एक कथा इथे सांगितली जाते. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशींचे परवाने रद्द झाले आणि त्यांची प्रसारणयंत्रे टपाल खात्याने जप्त केली. थोड्याच दिवसांत सरकारला याच माणसांची गरज पडली. जर्मन गुप्तहेरखात्याचे क्षीण, हाताने पाठवलेले संदेश पकडण्यासाठी कसलेले कान हवे होते, आणि ते हौशींकडेच होते. सुमारे दीड हजार जणांना गुपचूप निवडण्यात आले. दिवसा आपापली नोकरी करून रात्री घरच्या खोलीत, कधी बागेतल्या शेडमध्ये, ही माणसे कानाला हेडफोन लावून बसत आणि अर्थ न कळणारे पाच-पाच अक्षरांचे गट कागदावर उतरवून बार्नेटच्या २५ क्रमांकाच्या टपालपेटीकडे पाठवत. पुढे त्या कागदांचे काय होते, हे त्यांना सांगितले जात नसे. शेजाऱ्यांना तर काहीच सांगायचे नव्हते. शरीराने सैन्यात न बसणारे, वयाने थोराड, काही जण बोलायला लाजरे, अशा कितीतरी माणसांची ही लष्करी सेवा होती.

केंद्रातल्या स्वयंसेवकांपैकी एका वयस्क गृहस्थांना मी माझी ओळख सांगू लागलो आणि नेहमीप्रमाणे नावाच्या पहिल्याच अक्षरावर अडलो. ते थांबले. त्यांनी माझे वाक्य पुरे केले नाही, नजरही वळवली नाही. मग त्यांनी टेबलावरची सरावाची की माझ्यापुढे सरकवली. मी माझे नाव, माझे संकेतनाम आणि मी का आलो ते ठोकले. त्यांनी दुसऱ्या कीवर उत्तर दिले. दहा-बारा मिनिटे आम्ही असे बोललो. त्यांचा हात जुन्या पद्धतीचा, थोडा डुलणारा होता, डॅश किंचित लांब. हॅम याला ‘फिस्ट’ म्हणतात: प्रत्येकाची ठोकण्याची लय वेगळी असते आणि सराव झालेला माणूस आवाज न ऐकता नुसत्या लयीवरून समोरच्याला ओळखतो. युद्धात शत्रूच्या ऑपरेटरांना नेमके असेच ओळखले जाई. निघताना त्यांनी ७३ ठोकले, आमच्या भाषेतला निरोपाचा नमस्कार, आणि मीही तेच आकडे परत केले. त्या दिवसाचे याहून जास्त काही लिहावेसे वाटत नाही.

सातवा दिवस : लंडन आणि पोर्ट्समथ

लंडनमध्ये फक्त सकाळ होती आणि ती साउथ केन्सिंग्टनच्या विज्ञान संग्रहालयाची. नेव्हिल अकरा वर्षांचा असताना तोतरेपणामुळे वर्गात बसणे त्याला असह्य झाले आणि तो शाळा चुकवून दिवसचे दिवस या संग्रहालयात येऊन इंजिने आणि विमानांची प्रारूपे न्याहाळत बसू लागला. शेवटी चोरी पकडली गेली. घरच्यांनी शिक्षा करण्याऐवजी त्याला ऑक्सफर्डच्या दुसऱ्या शाळेत घातले, याबद्दल त्या आईवडिलांचे मनोमन आभार मानले. आजच्या उड्डाणविभागात एमी जॉन्सन यांचे ‘जेसन’ हे विमान टांगलेले आहे, ज्यातून त्या १९३० मध्ये एकट्या ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. जानेवारी १९४१ मध्ये टेम्सच्या मुखावर त्यांचा अंत झाला, तेव्हा त्या एअरस्पीड ऑक्सफर्ड हे विमान नेत होत्या.

दुपारी पोर्ट्समथ. एअरस्पीड १९३३ मध्ये यॉर्कहून इथे आली. विमानतळ १९७३ साली बंद झाला आणि त्या जागेवर आता घरे व कारखाने आहेत. त्या परिसरात नॉर्वे रोड आहे आणि नेव्हिल शूट रोडही आहे, म्हणजे अभियंता आणि कादंबरीकार यांना वेगवेगळे रस्ते मिळाले आहेत. एअरस्पीडचे कुरिअर हे ब्रिटनमध्ये नियमित उत्पादनात आलेले, चाके पोटात ओढून घेणारे पहिले विमान होते. सप्टेंबर १९३४ मध्ये ॲलन कॉबम याच विमानातून, हवेतच इंधन भरून घेत, न थांबता हिंदुस्थान गाठायला निघाले आणि माल्टाला त्यांना उतरावे लागले. पाच वर्षांनी सुरू झालेल्या महायुद्धात ऑक्सफर्ड विमानांची संख्या ८,५०० च्या वर गेली. वैमानिक, विमानाची दिशा ठरवणारे नॅव्हिगेटर आणि बिनतारी ऑपरेटर हे सगळे त्यातच शिकले. १९३७ मध्ये कंपनीने क्वीन वास्प नावाचे, वैमानिकाशिवाय रेडिओच्या आज्ञेवर उडणारे विमानही केले होते. तोफखान्याच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून ते उडवायचे होते, पण फार थोडी नग तयार झाली.

१९३८ मध्ये शूट कंपनीतून बाहेर पडले. कारखाना चालू लागल्यावर तो चालवणाऱ्या माणसांची गरज असते, उभारणाऱ्यांची नसते, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे आणि त्यांच्या आत्मकथनाचा शेवटही तिथेच होतो.

आठवा दिवस : वेस्टवर्ड हो

एक्झिटरहून बार्नस्टेपलपर्यंत रेल्वे आणि पुढे बसने बिडफर्डमार्गे मी संध्याकाळी समुद्राशी पोहोचलो. हे गाव एका कादंबरीच्या नावावरून वसवले गेले, आणि त्या शीर्षकातले उद्गारचिन्हही नावाच्या पाटीवर आहे. लांबच लांब सपाट वाळू, मागे गोट्यांचा उंच बांध.

१९४० मध्ये शूट नौदलाच्या स्वयंसेवी राखीव दलात दाखल झाले. वय ४१, जीभ तीच. यावेळी कोणी ती तपासली नाही, कारण त्यांचे डोके हवे होते. संकीर्ण शस्त्रविकास विभागात त्यांना घेतले गेले आणि या विभागाची एक चाचणी १९४३ च्या सप्टेंबरात याच वाळूवर झाली. जर्मनांनी किनाऱ्यावर उभारलेल्या अटलांटिक तटबंदीची काँक्रीटची भिंत फोडायला किती स्फोटक लागेल याचा हिशेब शूट यांनी केला तेव्हा उत्तर एक टनाहून जास्त आले. एवढे वजन भिंतीपर्यंत न्यायचे कसे, म्हणून सुमारे तीन मीटर व्यासाची दोन चाके, मध्ये स्फोटकांचा पिंप आणि चाकांच्या कडांवर रॉकेट अशी ‘ग्रेट पंजँड्रम’ नावाची रचना झाली. रॉकेट पेटली की चाक धावत सुटे, पण एका बाजूची रॉकेट निखळली की ते वळे. जानेवारी १९४४ च्या शेवटच्या चाचणीत ते पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्याच दिशेने आले आणि त्यांना पळावे लागले. प्रकल्प सोडून देण्यात आला. लोक ही हकिगत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही, कारण त्या भिंतीशी माणसांनी चालत जाण्याऐवजी एखादे यंत्र जावे, हा त्यामागचा हेतू होता. जून १९४४ मध्ये शूट स्वतः वार्ताहर म्हणून नॉर्मंडीला गेले, तेव्हा किनाऱ्यावर माणसेच चालत गेलेली त्यांनी पाहिली.

नववा दिवस : वाळूवर (८ ऑक्टोबर)

युद्धानंतर १९४८ मध्ये शूट आपले छोटे प्रॉक्टर विमान घेऊन एका सोबत्यासह ऑस्ट्रेलियाला जाऊन आले. १९५० मध्ये ते मेलबर्नजवळच्या लँगवॉरिनला कायमचे राहायला गेले आणि १२ जानेवारी १९६० रोजी मेलबर्नमध्ये वारले. तिथेच त्यांनी १९५७ मध्ये ‘ऑन द बीच’ लिहिली. अणुयुद्धात उत्तर गोलार्ध निर्जीव झाला आहे आणि विषारी हवा हळूहळू दक्षिणेकडे सरकते आहे. अशा वेळी अमेरिकेच्या किनाऱ्यावरून मोर्सचे तुटक संकेत ऐकू येतात. अर्थ लागत नाही, पण कोणी तरी जिवंत असेल या आशेने एक पाणबुडी तिथवर जाते. तिथल्या बिनतारी केंद्रात गेलेल्या अधिकाऱ्याला दिसते की वाऱ्याने हलणारी खिडकीची चौकट कीवर आपटते आहे. तो ती बाजूला करतो, स्वतः कीपाशी बसतो, इथे जीवन नाही असा नीट, स्वच्छ संदेश पाठवतो आणि मगच यंत्र बंद करतो.

डब्लिनच्या कोपऱ्यावर सतराव्या वर्षी जे घडले ते शूट यांच्या मनात चाळीस वर्षे राहिले असेल का, याचा पुरावा माझ्यापाशी नाही. बिनतारी शाळा आणि वडिलांचे कार्यालय यांच्यामध्ये फक्त एका रस्त्याचे अंतर होते, एवढेच मी पाहिले. अडखळणाऱ्या जिभेची माझी समजूत मात्र मी थोडी बदलून घरी नेतो आहे. जीभ अडली म्हणून ते लेखक झाले असे नव्हे. उत्तराची खात्री नसताना संदेश स्पष्ट पाठवावा लागतो, हे त्यांना इतरांहून आधी कळले. त्यांची वाक्ये तारेच्या मजकुरासारखी साधी आहेत ती त्यामुळेच, असे मला वाटते.

आज पहाटे सामानातला लहान शॉर्टवेव्ह रिसीव्हर घेऊन मी बांधाच्या वर गेलो. दहा मीटर तार एका खुंटाला बांधून पसरली आणि १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात खालच्या टोकाला, जिथे मोर्सवाले असतात, हळूहळू चकती फिरवू लागलो. भरती उतरत होती. साडेसातच्या सुमारास खरखरीच्या तळातून एक बारीक स्वर वर आला, बुडाला, पुन्हा वर आला. सीक्यू, सीक्यू, म्हणजे ऐकणाऱ्या कोणालाही दिलेली हाक, आणि मग व्हीके३ ने सुरू होणारे संकेतनाम. व्हीके म्हणजे ऑस्ट्रेलिया, तीन म्हणजे व्हिक्टोरिया, ज्या राज्यात लँगवॉरिन आहे. तिथे संध्याकाळ झाली असणार.

या देशात प्रसारणाचा परवाना माझ्यापाशी नव्हता आणि रिसीव्हरला उत्तर देता येत नाही. त्याने तीनदा हाक दिली, थांबला, पुन्हा तीनदा दिली. मी वहीत तारीख, वेळ, कंपनसंख्या आणि त्याचे संकेतनाम लिहिले. एक अक्षर लाटांच्या आवाजात हरवले होते. त्याची जागा रिकामी सोडली.